खंड कसे घडतात, सागरतळ कसा घडतो: बडोद्याच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोदा, पादरा, हालोल, डभोई भागातले मराठी विद्यार्थी, त्यांचे पालक आणि पावागढ चढून आल्यावर दगडांबद्दल कुतूहल वाटू लागलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी कळेल. दोन प्रश्न एकमेकांत गुंततात तिथे क्रमांक दिला आहे. घनतेचे आकडे ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये आहेत.

१. समुद्राचा तळ म्हणजे पाण्याखाली गेलेली जमीनच ना?

नाही. दोन्हींचा दगड वेगळा, जाडी वेगळी आणि वयही वेगळे. खंडाचे कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड असते. त्याचा वरचा भाग ग्रॅनाइटसारख्या फिकट, सिलिकाने (वाळूच्या मुख्य घटकाने) समृद्ध खडकांचा आणि घनता २.७ च्या आसपास. खालचा भाग धरून सरासरी २.८ च्या जवळपास येते. सागरतळाचे कवच जेमतेम ७ किलोमीटर जाड, बेसॉल्ट आणि गॅब्रो या काळ्या खडकांचे, घनता २.९ ते ३.०. दोन्ही ज्या प्रावरणावर (कवचाखालच्या जाड खडकाळ थरावर) बसले आहेत त्याची घनता ३.३.

याचा पुरावा उंचीच्या आकड्यांत आहे. जमिनीची सरासरी उंची सुमारे ८४० मीटर, तर समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर. पृथ्वीचा बहुतेक पृष्ठभाग या दोन पातळ्यांच्या आसपास आहे आणि मधल्या पातळीवर फारच थोडा. एकाच प्रकारचे कवच सगळीकडे असते आणि नुसते पाणी वर-खाली झाले असते, तर असे दोन वेगळे गट दिसले नसते.

२. मग खंभातचे आखात किंवा मुंबईसमोरचा समुद्र हाही सागरतळच ना?

तिथे पाणी समुद्राचे आहे, पण खालचे कवच खंडाचेच आहे. खंड किनाऱ्याला संपत नाही. उथळ मंचावरून तो पुढे जातो, साधारण २०० मीटर खोलीपाशी उतार सुरू होतो आणि तळ तीन-चार किलोमीटर खाली गेल्यावर खरा सागरतळ लागतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत असलेले बॉम्बे हाय हे तेलक्षेत्रही (शोध १९७४) या मंचावरच आहे. तिथे पाणी फक्त ७५ मीटरच्या आसपास खोल आहे. म्हणून कोरडी जमीन पृथ्वीच्या २९ टक्के असली, तरी खंडाचे कवच सुमारे ४० टक्के पृष्ठभाग व्यापते.

उलटही घडले आहे. क्रिटेशियस काळात नर्मदेच्या पट्ट्यातून समुद्र पार मध्य प्रदेशातल्या बाघपर्यंत आत आला होता. तिथल्या चुनखडीत समुद्री जीवाश्म मिळतात. पण त्यामुळे बाघ काही सागरतळ झाला नाही.

३. सागरतळ तयार कसा होतो?

एका ठरलेल्या पद्धतीने, सगळीकडे जवळजवळ सारखाच. दोन भूपट्ट (पृथ्वीच्या बाहेरच्या थराचे सरकणारे तुकडे) दूर सरकतात तिथे खालचे गरम प्रावरण वर चढते. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि त्याचा थोडा भाग, ढोबळमानाने दहा ते वीस टक्के, वितळतो. बाहेरून जादा उष्णता लागत नाही. दाब उतरणे पुरेसे असते. हा रस वर येऊन थरांत गोठतो. सर्वांत वर पाण्यात फुगून गोठलेला उशीसारखा बेसॉल्ट, त्याखाली एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या भित्ती (भेगांत रस गोठून झालेले उभे पाट), आणि तळाशी सावकाश थंड झालेला भरड गॅब्रो. अशा मध्यसागरी रांगांची एकूण लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर आहे. तळ पसरण्याचा वेग वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरपासून पंधरापर्यंत असतो. अरबी समुद्राच्या दक्षिणेची कार्ल्सबर्ग रांग संथ गटातली.

तयार झालेला तळ रांगेपासून दूर जाताना थंड होतो, आकसतो आणि खाली बसतो. किती, ते साध्या सूत्रातून काढता येते: खोली (किलोमीटर) = २.५ + ०.३५ × √वय, वय दशलक्ष वर्षांत. चाळीस लाख वर्षांचा तळ ३.२ किलोमीटरवर, अडीच कोटी वर्षांचा सव्वाचार किलोमीटरवर. सात-आठ कोटी वर्षांच्या पुढे हे सूत्र चुकू लागते. खरा तळ सूत्राने सांगितलेल्या खोलीपेक्षा उथळ निघतो. विद्यार्थी परीक्षेत नेमके इथेच सूत्र ताणतात.

४. आणि खंड? तोही ज्वालामुखीतूनच येतो का?

शेवटी प्रावरणातूनच, पण एका टप्प्यात नाही. प्रावरण वितळले की बेसॉल्ट मिळतो. ग्रॅनाइट थेट मिळत नाही. मधे दोन गोष्टी लागतात: पाणी आणि पुन्हा वितळणे.

सागरतळाचा पट्ट दुसऱ्या पट्टाखाली घुसतो तेव्हा त्याच्या खनिजांत अडकलेले पाणी सुमारे १०० किलोमीटर खोलीवर सुटते. ते वरच्या प्रावरणात शिरले की त्याचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी उतरतो. निघालेला रस वर चढून कवचाच्या तळाशी साचतो, जड खनिजे खाली टाकतो, आजूबाजूचे जुने खडक वितळवतो आणि असे करता करता सिलिकाचे प्रमाण वाढत जाते. सागरी बेसॉल्टमध्ये सिलिका सुमारे ५० टक्के असते, खंडाच्या कवचात सरासरी ६० च्या आसपास. खाली टाकलेला जड भाग पुढे कधी तुटून प्रावरणात बुडतो आणि वर हलका भाग उरतो.

अशा ज्वालामुखी बेटांच्या माळा एकमेकींना आणि जुन्या खंडांना येऊन चिकटतात. भारताचा द्वीपकल्पही असाच जोडकामाचा आहे: धारवाड, बस्तर, सिंहभूम, बुंदेलखंड, अरवली हे जुने गाभे वेगवेगळ्या काळात एकत्र आले. खंड म्हणजे ठिगळांची गोधडी आहे, आणि गोधडीप्रमाणे तो ताण आला की शिवणीवर उसवतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. प्रश्न ७ चे उत्तर तिच्यावर उभे आहे.

बडोद्याजवळचा नमुना म्हणजे गोध्राचा ग्रॅनाइट, वय सुमारे ९५ कोटी वर्षे. शिवराजपूरच्या मँगनीज खाणी ज्या चांपानेर खडकांत आहेत ते त्याहून जुने. ते मुळात गाळाचे होते. दबून आणि तापून रूपांतरित झाले आणि मग या ग्रॅनाइटने त्यांना भेदले.

५. सर्वांत जुना सागरतळ फक्त १८ कोटी वर्षांचा आणि खंडाचा खडक ४०० कोटींचा, असे का?

सागरतळ थंड झाला की जड होतो आणि खालच्या प्रावरणात बुडण्याजोगा बनतो. खंडाचे कवच हलके असल्याने बुडत नाही. टक्कर झाली तर दुमडते, जाड होते, झिजते, पण उरते. पश्चिम पॅसिफिकमध्ये सुमारे १८ कोटी वर्षांचा तळ आहे. पूर्व भूमध्य समुद्रातला एक तुकडा याहून जुना असावा असे काही अभ्यासक मानतात. कॅनडातला अकास्टा नाइस हा रूपांतरित खडक मात्र सुमारे ४०३ कोटी वर्षांचा आहे आणि ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे कण ४४० कोटींपर्यंत जातात. त्यामुळे पृथ्वीच्या पहिल्या नव्वद टक्के काळाचा इतिहास वाचायचा असेल तर तो खंडांवरच वाचावा लागतो.

६. सागरतळ कडेलाच तुटतो आणि खंड मात्र शेकडो किलोमीटर आतपर्यंत चुरगळतो. हा फरक कशामुळे?

आमच्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि शालेय पुस्तकांत तो बहुधा राहून जातो. “भूपट्ट ताठ असतात आणि हालचाल फक्त सीमेवर होते” हे वाक्य सागरतळाला छान लागू पडते. मध्यसागरी रांगेवर जमीन फाटण्याचे काम काही किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात उरकते. खंडांना ते वाक्य लावले की ते मोडते. भारत आज आशियात वर्षाला सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर वेगाने घुसतो आहे. उपग्रहावरून मोजलेली हालचाल सांगते की त्यातले २ सेंटिमीटरच्या आसपास हिमालय पचवतो. उरलेले तिबेट आणि त्याही पलीकडे मध्य आशियातल्या तिएन शान पर्वतरांगेपर्यंत, म्हणजे दीड हजार किलोमीटरहून रुंद पट्ट्यात, वाटले जाते. १९७५ मध्ये पीटर मोल्नार आणि पॉल तापोनिए यांनी उपग्रहचित्रे व भूकंपांच्या नोंदी एकत्र मांडून दाखवले की चीन-मंगोलियातले मोठमोठे भ्रंश (ज्यांवरून खडक सरकतात त्या भेगा) याच टकरीचे परिणाम आहेत.

कारण खनिजांत आहे. खंडाच्या खडकांत भरपूर असलेले क्वार्ट्झ ३०० ते ३५० अंश सेल्सिअसलाच घन अवस्थेत सरपटू लागते. फेल्डस्पारला सुमारे ४५० अंश लागतात आणि प्रावरणातल्या ऑलिव्हिनला ६०० ते ७०० च्या पुढे. खाली जाताना तापमान दर किलोमीटरला २५ अंशांनी वाढते असे धरले, तर खंडात १२ ते १४ किलोमीटरवरच क्वार्ट्झ मऊ पडते आणि त्याखाली वीस-पंचवीस किलोमीटर कवच अजून बाकी असते. सागरतळात क्वार्ट्झ जवळजवळ नाही. सात किलोमीटर खाली गेले की थेट थंड, कणखर ऑलिव्हिन. म्हणजे जाड खंड दुबळा आणि पातळ सागरतळ बळकट. ऐकायला विचित्र वाटते, पण बळ ठरते ते आतले खनिज आणि त्याचे तापमान यांवर.

शिवाय सागरतळ बुडून नाहीसा होतो, म्हणून त्याच्या अंगावर जुन्या जखमा फारशा साचत नाहीत. खंडाच्या साचतात. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: सगळे खंड सारखे दुबळे नसतात. जुन्या गाभ्यांखाली दीडशे-दोनशे किलोमीटर जाड, थंड, कोरडे मूळ असते. ते ताठ राहतात आणि चुरगळणे त्यांच्या कडेला होते.

७. मग भूजला आणि भरूचला भूकंप का झाले? आपण तर सीमेपासून दूर आहोत.

दूर आहोत, पण जुन्या शिवणींवर आहोत. कच्छची खचदरी गोंडवन हा जुना महाखंड फुटताना, मेसोझोइक (डायनोसॉरांच्या) काळात, ताणाने तयार झाली. तेव्हा भ्रंशांच्या एका बाजूचा भाग खाली घसरत होता. आज भारत उत्तरेकडे दाबला जातो आहे, म्हणून त्याच भ्रंशांवर खडक वर ढकलले जातात. नवा भ्रंश पाडण्यापेक्षा जुना उलटा चालवायला कमी बळ लागते.

१६ जून १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणात ८० किलोमीटरहून लांब आणि जागोजागी सहा मीटरपर्यंत उंच असा उंचवटा उठला. त्यालाच अल्लाह बंद म्हणतात. २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप ७.७ तीव्रतेचा होता. त्याची नाभी वीस किलोमीटरच्या आसपास खोल होती आणि मुख्य भ्रंश पृष्ठभागावर फुटून आलाच नाही. दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, त्याचे एक कारण खालचा जाड मऊ गाळ. बडोदाही गाळावरच आहे (प्रश्न ९), म्हणून घर बांधताना मातीची तपासणी टाळू नये.

२३ मार्च १९७० चा भरूचचा भूकंप ५.४ तीव्रतेचा, तो नर्मदेच्या भ्रंशपट्ट्यातला. याच पट्ट्यात पूर्वेला २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला, आणि तो सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर. प्रश्न ६ वाचून कोणी विचारेल की इतक्या खाली तर कवच मऊ असायला हवे. तिथले खालचे कवच कोरडे, लोह-मॅग्नेशियमने समृद्ध आणि तुलनेने थंड आहे. त्यात क्वार्ट्झचे राज्य नाही. म्हणून ते अजून तडकू शकते.

८. पर्वताखाली मूळ असते म्हणतात. ते किती खोल, हे काढता येते का?

येते. खंडाची घनता २.८ आणि प्रावरणाची ३.३ धरा. वर प्रत्येक १ किलोमीटर उंचीसाठी खाली २.८ ÷ (३.३ − २.८) = ५.६ किलोमीटर मूळ लागते. तिबेट सरासरी ५ किलोमीटर उंच: म्हणजे वर ५, खाली २८, मिळून ३३ जादा. त्यात नेहमीचे ३५ मिळवा, ६८ येतात. भूकंपलहरींनी मोजलेली जाडी ७० च्या आसपास आहे.

दोन ठिकाणी हे गणित फसते. पावागढसारख्या एकट्या डोंगराला स्वतःचे मूळ नसते. त्याचा भार आजूबाजूचे ताठ कवच पेलते. आणि खालचे प्रावरण नेहमीपेक्षा गरम असेल, तर मुळाशिवायही जमीन वर उचललेली राहते.

९. बडोद्याच्या खाली नेमके काय आहे?

वर विश्वामित्री, मही, ढाढर या नद्यांचा गाळ. त्याखाली तृतीयक काळातले (डायनोसॉरांनंतरचे) गाळाचे खडक, त्याखाली डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या थरांचा बेसॉल्ट, आणि त्याच्याही खाली जुने खंडीय खडक. शहर खंभात खोऱ्याच्या पूर्व कडेजवळ आहे. पश्चिमेला, खोऱ्याच्या मध्याकडे जावे तसा बेसॉल्ट काही किलोमीटर खोल जातो. पूर्वेला हालोल ओलांडले की तो उघडा पडतो.

हे खोरे म्हणजे ताणली गेलेली खचदरी. कवच ताणले की पातळ होते, पातळ झाले की खचते, खचले की गाळ भरतो, आणि पातळ कवचातून खालची उष्णता जास्त वर येते. त्या उष्णतेनेच गाळातल्या सेंद्रिय द्रव्याचे तेल शिजले. अंकलेश्वरला ते १९६० मध्ये लागले. पादऱ्याच्या क्षेत्रात तर भेगाळलेल्या ट्रॅपमध्येच तेल मिळाले.

इथे पुढे समुद्र उघडेल का, असे लगेच विचारले जाते. सध्याची लक्षणे तशी नाहीत. ताणणे थांबले, आज दाब आहे. खंड फुटताना अनेक फाटे सुरू होतात, त्यातला एखादा समुद्र होतो आणि बाकीचे अर्धवट राहतात. सेशेल्स भारतापासून सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी तुटून वेगळे झाले, तो फाटा पश्चिमेला पूर्ण झाला. खंभातचा राहून गेला.

१०. पावागढ बेसॉल्टचा आहे. म्हणजे तो कधीकाळचा सागरतळ का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत जास्त दिसतो. बेसॉल्ट समुद्रातही होतो आणि जमिनीवरही. पावागढचे बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या डेक्कन उद्रेकातले आहेत. ते आधीपासून असलेल्या खंडावर पसरले. ओळखायच्या खुणा अशा: सागरतळात उशीसारखे गोळे, खाली उभ्या भित्तींचे जंगल आणि गॅब्रो दिसायला हवे. पावागढला एकावर एक लाव्हाच्या आडव्या वाहांचे थर दिसतात आणि माथ्याकडे फिकट, सिलिकायुक्त ऱ्हायोलाइट. इतका सिलिका असलेला रस सागरतळावर क्वचित बनतो. शिवाय डेक्कनच्या वाहांच्या मधल्या गाळात ठिकठिकाणी गोड्या पाण्यातल्या गोगलगाई आणि वनस्पतींचे जीवाश्म मिळतात.

छोटाउदेपूरजवळचे अंबाडुंगरही पाहण्यासारखे. तिथला कार्बोनेटाइट हा प्रावरणातून आलेला कार्बोनेटचा अग्निज खडक, त्याच काळाच्या आसपासचा. असे खडक बहुतेक ताणलेल्या खंडांतच सापडतात. फ्लोरस्पारचे साठे त्याच्याशी जोडलेले आहेत.

११. सापडलेला दगड बेसॉल्ट आहे की ग्रॅनाइट, घरी कसे ओळखावे?

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. ३०० ग्रॅमहून जड, ताजा फुटलेला, छिद्रे नसलेला तुकडा घ्या. कोरडा असताना वजन करा. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे दगडाचे आकारमान, मिलिलिटरमध्ये. वजनाला त्याने भागा. ५३० ग्रॅमच्या दगडाला २०० आले तर घनता २.६५, ग्रॅनाइटच्या गटातली. ५८० ला २०० आले तर २.९, बेसॉल्ट.

दगड तळाला टेकला किंवा अंगाला बुडबुडे चिकटले, तर आकडा फुगतो आणि घनता कमी येते. बुडवल्यावर दोरा हलकेच झटकून बुडबुडे काढा. लहान खडा घेतला तर एका ग्रॅमची चूकही फार होते. कुजलेला, मातकट झालेला बेसॉल्ट २.५ पर्यंत उतरतो. चांपानेरचा क्वार्ट्झाइटही २.६५ च देतो; त्याला ग्रॅनाइटपासून वेगळे करायला भिंग लागते. ग्रॅनाइटमध्ये गुलाबी-पांढरे फेल्डस्पार आणि चमकता अभ्रक दिसतो, क्वार्ट्झाइट एकजात काचेसारखा. पावागढ-चांपानेर हा जागतिक वारसा परिसर आहे, तिथून दगड उचलू नका.

१२. खंड बुडत नाही म्हणता, पण भारत आशियाखाली गेला ना?

काही अंशी गेला. लडाखच्या त्सो मोरीरी भागातल्या खंडीय खडकांत कोएसाइट मिळाले आहे. क्वार्ट्झचे हे रूप सुमारे ९० ते १०० किलोमीटर खोलीच्या दाबाखालीच बनते. म्हणजे पुढे असलेल्या जड सागरतळाने भारताची कड ओढत तिथवर नेली. मग तो सागरतळ तुटला, आणि हलके खडक पुन्हा वर आले. बुडणे शक्य आहे, तिथे टिकून राहणे अवघड.

१३. सागरतळ मधोमध कधीच मोडत नाही का?

एक मोठा अपवाद आपल्याच महासागरात आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तळ घड्या पडून वर-खाली झाला आहे आणि भारत-ऑस्ट्रेलिया हा एकच मानलेला पट्ट तिथे सावकाश वेगळा होतो आहे. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तो या पट्टाच्या आतला आणि आडव्या सरकण्याचा होता. तिथेही मोडतोड बरीचशी रांगेवर तयार झालेल्या जुन्या भ्रंशांवरूनच झाली. प्रश्न ६ चा नियम सागरतळाला सरसकट लावू नये, तो यासाठी.

१४. आइसलँड आणि झीलँडिया (न्यूझीलंडभोवतीचा बुडालेला भूभाग) यांना खंडात धरायचे की सागरतळात?

दगड बघून धरायचे, पाणी बघून नाही. आइसलँड पाण्याच्या वर आहे, पण मध्यसागरी रांगेवरचा बेसॉल्टच. खालच्या जादा गरम प्रावरणामुळे कवच नेहमीच्या कितीतरी पट जाड झाले. झीलँडियाचा ९४ टक्के भाग बुडालेला, तरी कवच ताणून पातळ झालेल्या खंडाचे.

१५. खरा जुना सागरतळ भारतात पायाखाली कुठे येतो?

लडाखमध्ये सिंधूच्या सांधापट्ट्यात (भारत आणि आशिया जिथे जोडले गेले तिथे), निडर खोऱ्यात उत्तम: प्रावरणाचे खडक, गॅब्रो, वर बेसॉल्ट असा क्रम तिथे चालत पाहता येतो. अंदमानात आणि नागालँड-मणिपूरच्या डोंगरांतही तुकडे आहेत. गुजरातेत नाहीत. बडोद्याहून एका दिवसात जायचे तर सागरतळाऐवजी खंडाचे थर पाहा: सकाळी पावागढच्या पायऱ्यांनी चढताना बेसॉल्ट आणि माथ्यावर ऱ्हायोलाइट, दुपारी जांबुघोड्याकडे रस्त्याच्या कापात चांपानेरचे उभे झालेले थर, आणि वेळ उरला तर गोध्राचा ग्रॅनाइट. तिथून पुढे टुव्याचे गरम पाण्याचे झरेही जवळ आहेत. पावसाळ्यात कापांवर शेवाळ आणि गवत चढते; दगड वाचायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे.